रॅप्चरची तारीख : १८४४ चे बटाटे ते २०२५ चे रील्स

सप्टेंबर २०२५ मध्ये, ऐन नवरात्रात, मोबाईलवर काही इंग्रजी व्हिडिओ फिरत होते. आठवत असतील तुम्हाला. दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाने सांगितलं होतं की २३-२४ सप्टेंबरला येशू ख्रिस्त येणार आणि खऱ्या विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेणार. मग कुणी गाडी विकल्याचं कॅमेऱ्यासमोर सांगतंय, कुणी नोकरी सोडल्याचं. दोन्ही तारखा आल्या नि गेल्या. आपल्याकडे हे व्हिडिओ "बघा, ख्रिश्चन लोक काय काय मानतात" अशी ओळ जोडून पुढे ढकलले गेले. ही पोस्ट त्या जोडलेल्या ओळीबद्दल आहे. लांबली आहे, सवडीने वाचा.

आधी मूळ काय ते बघू. थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या मंडळीला पौलाने पत्र लिहिलं. तिथली काही माणसं वारली होती आणि मागे राहिलेल्यांना काळजी लागली होती, की प्रभू परत येईल तेव्हा आपल्या गेलेल्या माणसांचं काय? पौलाने धीर दिला : आधी मेलेले उठतील, मग जिवंत असलेले त्यांच्यासोबत ढगांत वर घेतले जातील. या 'वर घेतले जाण्या'साठी लॅटिन बायबलात जो शब्द आहे, त्यावरून रॅप्चर. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला ही कल्पना फार परकी वाटू नये. इथे फक्त एकटा संत जात नाही, सगळे एकदम जातात. थोडक्यात, हे सांत्वनाचं पत्र. त्यात तारीख नाही. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात, २४ व्या अध्यायात, येशू स्वतःच सांगतो की तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही.

तरी भांडण पेटलं, आणि ते 'आधी की नंतर' यावर. बायबलमध्ये शेवटच्या काळातल्या महासंकटाचं वर्णन आहे. काही जण ते सात वर्षांचं धरतात. आयर्लंडमधला एक अँग्लिकन पाद्री, जॉन नेल्सन डार्बी, आपलं चर्च सोडून प्लिमथ ब्रेदरन नावाच्या नव्या गटात गेला. १८३० च्या दशकात त्याने मांडलं की ख्रिस्ताचं येणं दोन टप्प्यांत आहे : आधी आपल्या लोकांना गुपचूप उचलून नेईल, मग महासंकट, आणि मग सर्वांदेखत येईल. त्याच गटातला बेंजामिन न्यूटन म्हणायचा, छे, मंडळीला संकटातून जावंच लागेल, सुटका त्यानंतर. १८४८ पर्यंत ब्रेदरन फुटले. फुटीला इतरही कारणं होती, पण हा वाद त्यात होताच. पुढे 'मध्येच, साडेतीन वर्षांनी' म्हणणारेही निघाले.

डार्बीच्या मांडणीत तारखेला जागाच नव्हती, कारण हे कोणत्याही क्षणी घडेल असं तो म्हणायचा. ती घराघरांत नेली अमेरिकेतल्या सायरस स्कोफिल्डने. त्याचं टिपांसह बायबल १९०९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापलं. वर मूळ वचन, खाली स्कोफिल्डची टीप, दोन्ही एकाच पानावर. लोकांनी टीपही वचनासारखीच वाचली, असं माझं मत.

म्हणजे संकटाआधीचं वेगळं रॅप्चर ही जेमतेम दोनशे वर्षांची शिकवण आहे. वसईचे कॅथलिक किंवा नगर-सोलापूरकडची जुन्या मिशनची मंडळी ख्रिस्ताचं पुन्हा येणं मानतात, पण हे आधीचं गुपचूप उचलणं त्यांच्या चर्चच्या शिकवणीत नाही. ते मानणारे इथेही आहेत, ब्रेदरन आणि अनेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांत. त्यांच्यातलेही बहुतेक जण तारीख सांगत नाहीत.

मग तारीख आली कुठून? त्यासाठी एका शेतकऱ्याकडे जावं लागतं.

विल्यम मिलर, न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा. ब्रिटिशांविरुद्धच्या १८१२ च्या युद्धात कॅप्टन होता. तरुणपणी बायबलवर फारसा विश्वास नव्हता. युद्धाहून आल्यावर बाप्टिस्ट मंडळीत गेला आणि बायबल ओळीओळीने वाचायला बसला. दानीएलच्या पुस्तकात ८ व्या अध्यायात २३०० दिवस येतात. त्याने दिवस म्हणजे वर्ष धरलं. सुरुवात धरली इ.स.पू. ४५७, यरुशलेमबद्दल पर्शियाच्या राजाने हुकूम काढला ते साल. २३०० वजा ४५७. उत्तर १८४३. चौथीतल्या पोराला जमेल असं गणित, आणि म्हणूनच ते पसरलं. ऐकणारा घरी जाऊन स्वतः करून बघू शकत होता!

मिलरला हे उत्तर १८१८ मध्येच मिळालं होतं, पण १८३१ पर्यंत तो जाहीर बोलला नाही. तेरा वर्षं हिशेब तपासत बसला. हा माणूस भोंदू नव्हता. त्याला मोठं केलं बोस्टनच्या जोशुआ हाइम्सने. १८४० मध्ये त्याने पेपर काढला, पत्रकं, तक्ते, मोठाले तंबू, सगळं उभं केलं. मिलरच्या अनुयायांचा आकडा ५० हजार ते १ लाख असा सांगतात.

मिलरने दिलेली मुदत २१ मार्च १८४४ ला संपली. काही झालं नाही. त्याने चूक जाहीरपणे कबूल केली. तिथेच थांबायचं, पण हिशेबात एक फट निघाली होती : इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही. म्हणजे एक वर्ष वाढवा. त्यावर सॅम्युएल स्नो नावाच्या उपदेशकाने ज्यू पंचांगातल्या प्रायश्चित्ताच्या दिवसाशी सांधा जुळवून नेमकी तारीख दिली, २२ ऑक्टोबर १८४४. मिलरने ती अगदी शेवटी, ऑक्टोबर उजाडल्यावर मानली. गर्दी त्याच्या पुढे निघून गेली होती.

ऑक्टोबर म्हणजे तिकडे सुगीचा महिना. काहींनी पीक काढलंच नाही. काढायचं कुणासाठी? न्यू हॅम्पशायरमधल्या एका शेतकऱ्याचे बटाटे जमिनीतच राहिले. शेजारी हसत होते. पुढचं अ‍ॅडव्हेंटिस्ट लोक आवडीने सांगतात : त्या वर्षी वेळेवर काढलेले बटाटे रोगाने सडले, याचे मात्र जमिनीत टिकले आणि नोव्हेंबरात चांगल्या भावाने गेले. पण अशी सोय सगळ्यांची झाली नाही. हायरम एडसन नावाच्या शेतकऱ्याने लिहून ठेवलंय की त्या रात्री ते सगळे पहाटेपर्यंत रडत होते. इतिहासात त्या दिवसाचं नावच 'मोठी निराशा' असं आहे. नंतर गावोगाव टिंगल झाली, काही ठिकाणी त्यांच्या सभांवर हल्लेही झाले.

इथे आमच्या धंद्याचंही एक पाप नोंदवतो. हे लोक पांढरे झगे घालून टेकड्यांवर आणि छपरांवर उभे होते, ही गोष्ट पेपरांनी इतकी चालवली की आजही छापली जाते. १९४४ मध्ये फ्रान्सिस निकोल या अ‍ॅडव्हेंटिस्ट लेखकाने जुनी कागदपत्रं धुंडाळून दाखवलं की झग्यांना पुरावा नाही. पण रडणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा झगा जास्त खपतो. आजच्या रील्सचंही तेच.

मिलरला त्याच्या बाप्टिस्ट मंडळीने बाहेर काढलं. १८४८ मध्ये घराजवळ त्याने छोटं प्रार्थनागृह बांधलं आणि १८४९ मध्ये तो गेला. त्याच्या मागे उरलेल्यांतल्या एका गटाने अर्थ बदलला : तारीख बरोबर होती, पण घटना पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात घडली. त्यातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च उभं राहिलं. पुण्यात औंधकडे जाताना स्पायसर लागतं ना, ती संस्था त्यांचीच. सॅलिसबरी पार्कातलं ओरिएंटल वॉचमन प्रकाशनही त्यांचंच. प्रभू लवकर येणार हे ते आजही मानतात, पण तारीख सांगत नाहीत आणि गुपचूप रॅप्चर तर मुळीच मानत नाहीत. पोळलेत ते एकदा.

बाकीच्यांनी मात्र गणित चालू ठेवलं. इस्रायल १९४८ मध्ये झालं, पिढी चाळीस वर्षांची, म्हणून १९८८. त्यावर एडगर व्हिसेनंट या इंजिनियरने ८८ कारणांचं पुस्तक लिहिलं. अमेरिकेत फॅमिली रेडिओ चालवणारा हॅरॉल्ड कॅम्पिंग, तोही इंजिनियरच. नोहाचा जलप्रलय इ.स.पू. ४९९० चा धरून त्याने ७००० वर्षं मोजली, शून्य सालाचं एक वजा केलं आणि काढली २१ मे २०११. पुन्हा तेच शून्य साल! न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने त्याच्या जाहिरातींवर आयुष्यभराच्या बचतीतले सुमारे १ लाख ४० हजार डॉलर घातले. पुढच्या वर्षी कॅम्पिंगने तारीख देणं पाप होतं असं लिहून दिलं. पैसे गेले ते गेलेच.

मिलर आणि कॅम्पिंग निदान स्वतःच्या गणितावर विश्वास ठेवून होते. दक्षिण कोरियातल्या ली जांग-रिमबद्दल तसं म्हणवत नाही. त्याच्या दामी मिशनने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली होती. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली, पैसे मिशनला दिले. त्या मध्यरात्री सोलमध्ये चर्चबाहेर पोलीस आणि अग्निशमनच्या गाड्या उभ्या होत्या, आत माणसं गात होती. ली तिथे नव्हता. महिनाभर आधीच त्याला फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली होती, आणि पुढे कोर्टाने शिक्षाही दिली. त्याने अनुयायांच्या पैशातून बाँड घेऊन ठेवले होते. त्यांची मुदत पूर्ण होणार होती पुढच्या वर्षी.