कृष्णाकाठच्या वकीलबाई

साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णा-वेण्णेचा संगम आहे. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. कृष्णेचे हेच पाणी पुढे सांगलीच्या घाटाला लागते. या काठाला वकिलीचा तोटा कधीच नव्हता. प्रतापसिंह महाराजांचे गाऱ्हाणे घेऊन रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि एक तपाहून अधिक काळ तेथे झगडत राहिले. त्यांनाही साताऱ्याचे 'वकील'च म्हणत. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले गजेंद्रगडकर 1901 साली साताऱ्यातच जन्मले. तेव्हा घरटी एक तरी मुलगा वकील व्हावा, अशी हौस येथल्या मध्यमवर्गास वाटे यात नवल नाही. मात्र 'मुलगा' हा शब्द त्या हौसेत अगदी पक्का होता.

मी स्वतः या दोन जिल्ह्यांत काळा कोट घालून बरीच वर्षे काढली आहेत, आणि तीही खुनाच्या किंवा बांधाच्या खटल्यांत नव्हे, तर कंपन्यांच्या व बँकांच्या कागदांत. घरच्या बायका अजून विचारतात, "म्हणजे तू कोर्टात नेमके करतेस तरी काय?" त्यांच्यासाठीच हा थोडा इतिहास.

कंपनी ही काही आमच्याकडे कालपरवा आलेली वस्तू नव्हे. 1910 साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 साली त्या कारखान्याची मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली. त्याच वाडीतून 1930 पासून 'स्त्री' मासिक निघू लागले. एकाच वस्तीत कंपनीही होती आणि स्त्रीच्या हक्कांची चर्चाही होती. पण ती स्त्री त्या कंपनीची वकील होऊ शकेल, हे कायद्यास मान्य होऊन तेव्हा उणीपुरी सात वर्षेच झाली होती.

त्याआधीची कथा कडू आहे. नाशिकला 1866 मध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. तरी वकील म्हणून सनद मिळण्यास त्यांना जवळजवळ तीस वर्षे वाट पाहावी लागली. कलकत्त्याच्या हायकोर्टाने 1916 मध्ये रेजिना गुहा यांना आणि पाटण्याच्या हायकोर्टाने 1921 मध्ये सुधांशुबाला हाजरा यांना दारातूनच परत पाठवले. अखेर 1923 च्या कायद्याने सांगितले की, केवळ स्त्री आहे म्हणून कोणासही वकिलीस अपात्र धरता येणार नाही. मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या बाई म्हणजे मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम. त्यांच्या पहिल्या अशिलाची आठवण मजेदार सांगतात: खटला भक्कमच होता, पण प्रतिपक्षाला बाईकडून हरल्याची नामुष्की भोगावी लागावी म्हणून त्याने काम त्यांना दिले! मला या गोष्टीचे हसू येते, आणि हसून झाल्यावर येतो तो राग.

व्यापारी दाव्यांत खऱ्या अर्थाने पाय रोवला तो सुजाता मनोहर यांनी. 1958 पासून त्या मुंबई हायकोर्टात मुख्यतः व्यापारी कामे चालवीत. 1978 मध्ये त्या तेथील पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या, 1994 मध्ये मुख्य न्यायाधीश आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात गेल्या.

पण मुंबई ती मुंबई. कंपन्यांच्या विलीनीकरणाचे आणि दिवाळखोरीचे अर्ज चालायचे मुंबई हायकोर्टात. सांगलीहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघावे, सकाळी मुंबई गाठावी, आणि दुपारी कळावे की तारीख पुढे गेली! पुरुष वकील लॉजवर अंग टाकून दुसऱ्या दिवशी परततो. बाईच्या मागे मुलाची शाळा, सासूबाईंचे औषध आणि शेजाऱ्यांच्या भुवया. कितीजणींनी या एका रात्रीच्या प्रवासापायी हे काम सोडून दिले! बुद्धी कमी पडली म्हणून सोडणारी मला तरी भेटली नाही. 2016 मध्ये ही कामे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे गेली. तेही आमच्यासाठी मुंबईतच.

जे हाताशी होते तेही गेले. सांगली बँक 1916 ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न 1936 ची. त्यांची मुख्य कचेरी गावात होती, म्हणून गहाणखते, हमीपत्रे, वसुलीचे दावे गावच्या वकिलांकडे येत आणि त्यांतून एखादी मुलगी हे काम शिकून जाई. 2006 मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि 2007 मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. पाट्या बदलल्या, आणि वकील नेमण्याचा निर्णय मुंबईहून होऊ लागला.

एक दार मात्र अवचित उघडले. 1997 च्या विशाखा निकालाच्या पीठावर सुजाता मनोहर होत्या. त्या निकालातूनच 2013 चा कायदा आला. दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या प्रत्येक ठिकाणी महिलांच्या तक्रारींसाठी समिती हवी, आणि तीत एक सदस्य बाहेरची हवी. अशा समित्यांवर नेमणूक होऊन आमच्यातल्या कितीजणी औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांच्या बैठकीच्या खोलीत प्रथमच शिरल्या. एका कारखान्यात मी असाच अहवाल पुरा केला. साहेबांनी तारीफ केली, चहा पाजला. टेबलावर यंत्रखरेदीच्या कराराची फाईल होती. ती मी पाहू का, असे विचारले. "छे छे, ते पुण्याच्या वकिलांकडे जाते. त्यात हिशेब फार असतात," साहेब म्हणाले. सारा संसार हिशेबावर चालवणाऱ्या बाईला हे सांगणे म्हणजे कमाल! पुढच्या वर्षी मी न मागता त्या कराराच्या नमुन्यावर दीड पानी टिपण लिहून धाडले. दंडाचे कलम उलटे बसत होते. त्यानंतर ती फाईल माझ्याकडे येते, पण शुल्क मात्र पुण्याच्या निम्मे. यंदा त्यावरही पत्र लिहिले आहे.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले. सातारा-सांगलीची अपिले आणि रिट अर्ज आता तेथे चालतात. कंपनीचे अर्ज अजून मुंबईलाच जातात. तरी सांगलीहून कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या आसपास. माझी ज्युनिअर सकाळी मुलीची वेणी घालून निघते आणि दिवेलागणीस परत येते. परवा तिने विचारले, मुंबईचे एक काम आले आहे, घेऊ का? मी तिला महालक्ष्मीचे वेळापत्रक दिले.