‘± ५ मीटर’ची कुळकथा

हातातल्या जीपीएसच्या पडद्यावर अक्षांश-रेखांशांच्या शेजारी एक लहानसा आकडा असतो: ± ५ मी. बहुतेकांची समजूत अशी, की दाखवलेल्या जागेपासून आपण फार तर पाच मीटर इकडेतिकडे असू, त्यापलीकडे नाही. या आकड्याचं कूळ शोधायला गेलं की ही समजूत टिकत नाही.

मूळ पुरुष खगोलशास्त्रातला. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यानं १८१५ च्या सुमारास ‘संभाव्य त्रुटी’ ही कल्पना वापरात आणली. एकाच ताऱ्याचं स्थान पुन्हा पुन्हा मोजलं तर दर वेळी उत्तर थोडं वेगळं येतं. मग उत्तराबरोबर अशी मर्यादा लिहायची, की निम्म्या चुका तिच्या आत राहाव्यात आणि निम्म्या बाहेर. तोफखान्यानं हीच कल्पना उचलली. ज्या वर्तुळात निम्मे गोळे पडतात, त्याची त्रिज्या म्हणजे माऱ्याची अचूकता. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं १९७३ मध्ये जीपीएसचं काम हाती घेतलं, त्यात बॉम्ब नेमक्या जागी पडावेत हाही एक हेतू होता. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला आणि तोफखान्याचं ते वर्तुळ यथावकाश गिर्यारोहकाच्या हातात आलं.

येताना एक गोष्ट मात्र गळाली. बेसेलच्या आकड्याच्या व्याख्येतच ‘निम्म्या वेळा’ ही अट होती. आजच्या यंत्रावर नुसते मीटर असतात. अँड्रॉइड फोनमधली अचूकता १०० पैकी ६८ वेळांची धरलेली आहे, तसं त्याच्या तांत्रिक कागदपत्रांत नोंदवलंय. जुन्या वळणाच्या यंत्रांत ती ५० वेळांची असू शकते. आकडा ५० वेळांचा असेल, तर १०० पैकी ९५ वेळा खात्री देणारं वर्तुळ साधारण दुप्पट, म्हणजे दहा मीटरचं निघतं. ६८ वेळांचा असेल तर आठ मीटरचं. पडद्यावर दोन्हीकडे पाचच दिसतं. ही अट आकड्याला चिकटूनच छापली गेली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

रिसीव्हर हा आकडा काढतो तरी कसा? खरी जागा त्याला ठाऊकच नसते, त्यामुळे चूक मोजता येत नाही, अंदाजावी लागते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांपर्यंतचं अंतर मोजताना किती चूक होत असेल याचा एक अंदाज, आणि त्याला उपग्रहांच्या मांडणीचा गुणक. या गुणकाला जाणकार डीओपी म्हणतात. उपग्रह आभाळभर विखुरलेले असतील तर गुणक लहान, एकाच बाजूला गोळा झाले तर मोठा. पनवेलजवळ कर्नाळा किल्ल्यावरच्या सुळक्याच्या बुडाशी उभं राहिलं की हे लगेच कळतं. मोकळ्या तटावर चार-पाच दाखवणारं यंत्र काताळाला टेकल्यावर बारा-पंधरावर जाऊ शकतं, कारण अर्धं आभाळ दगडानं झाकलेलं असतं.

२००० सालापर्यंत या सगळ्यावर वरचढ ठरेल अशी एक चूक मुद्दाम घातलेली असे. कोरियाचं प्रवासी विमान १९८३ मध्ये सोव्हिएत हद्दीत भरकटून पाडलं गेलं, त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरिकांना खुलं करण्याचं जाहीर केलं होतं. पण नागरी संकेत जाणूनबुजून बिघडवून १०० मीटरपर्यंत ढिला ठेवला जाई. टेबलावर ठेवलेलं यंत्रही पडद्यावर गावभर फिरून येई. १ मे २००० च्या मध्यरात्री अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं हे थांबलं आणि अचूकता रातोरात सुमारे दहापट सुधारली.

आता उरलेल्या चुकांत सर्वांत मोठी आयनांबराची, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची, आणि इथे पनवेलचा थेट संबंध येतो. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला कळंबोली महामार्गालगत आहे. तिचं मूळ १८२६ च्या कुलाबा वेधशाळेत. तिथल्या चुंबकीय नोंदी मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवल्या गेल्या. नानाभाई मूस यांनी हे काम पार पाडलं. सप्टेंबर १८५९ च्या महाप्रचंड सौरवादळाची नोंद कुलाब्याच्या उपकरणांनी घेतली होती, आणि आज त्या वादळाचा जोर ठरवताना जगभर तीच नोंद पुढे ठेवतात. अशीच वादळं आयनांबर ढवळतात आणि जीपीएसचा संकेत रेंगाळतो. एरवीसुद्धा दुपारी दोनच्या सुमारास आयनांबर सर्वांत दाट असतं. सूर्य सक्रिय असलेल्या वर्षी आपल्या अक्षांशात एका उपग्रहाच्या अंतरात आठ-दहा मीटरची भर सहज पडते. उपग्रहच याची दुरुस्ती पाठवतात, पण आठ गुणकांचं ते गणित साधारण अर्धीच चूक काढतं, आणि विषुववृत्ताच्या जवळ त्याचा हात आणखी तोकडा पडतो.

हा प्रश्न इथल्या माणसांच्या जमिनीशी जोडलेला आहे. वनहक्क दाव्यांच्या मोजणीत हातातलं जीपीएस वापरलं गेलं, आणि रायगडात कातकरी-ठाकर आदिवासींच्या दळी जमिनी, म्हणजे वनातले कसायचे तुकडे, लहान-लहान. वीस गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे बाजू जेमतेम ४५ मीटर, आणि त्यापुढे दहा मीटरची चूक. दिलासा एवढाच, की एकाच यंत्रानं काही मिनिटांत चारही कोपरे घेतले तर आयनांबराची चूक सगळ्यांना जवळपास सारखीच लागते. अख्खा तुकडा नकाशावर सरकतो, क्षेत्रफळ फारसं बिघडत नाही. पण एक कोपरा सकाळी उघड्यावर आणि दुसरा दुपारी ऐनाच्या झाडाखाली घेतला, तर आकारच बदलतो. अशा मोजणीत प्रत्येक कोपऱ्याची वेळ आणि ± आकडा नोंदवणं दावेदाराचा हक्क मानायला हवा.

आता एल-१ आणि एल-५ अशा दोन लहरी घेणारी यंत्रं मिळतात. दोन लहरींना होणाऱ्या उशिरातल्या फरकावरून आयनांबराची चूक यंत्र स्वतःच काढून टाकतं. भारताच्या गगन यंत्रणेचे उपग्रहही तिची दुरुस्ती पुरवतात. राहिला दगड. काताळावर आपटून येणारा संकेत सरळ आलेल्या संकेतासारखाच दिसतो, आणि त्याला फसलेलं यंत्र पंधरा मीटर चुकूनही पडद्यावर ± ५ च लिहू शकतं.