विजेत्यांचे दफ्तरदार

इ. स. १२०४ मध्ये तेमुजिन नावाच्या मंगोल सरदाराने नायमान टोळीचा पाडाव केला, तेव्हा पळणाऱ्यांच्या गर्दीत ताताटुंगा नावाचा एक उइगूर लेखनिक त्याच्या हाती लागला. टोळीची राजमुद्रा ताताटुंगाने जिवापाड जपून बरोबर घेतली होती, आणि ती आपल्या धन्याला परत करण्यासाठी आपण निघालो होतो, असे त्याने निर्भयपणे सांगितले. हिचा उपयोग काय, असे विचारता, द्रव्य व धान्य यांच्या वसुलीला आणि माणसांच्या नेमणुकांना हिच्यावाचून प्रामाण्य येत नाही, असा त्याचा जबाब होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या सरदाराने त्याला शिक्षा तर केली नाहीच, उलट आपल्या मुलांना उइगूर लिपी शिकविण्याचे काम त्याजकडे सोपविले. दोनच वर्षांनी, ओनोन नदीच्या काठी भरलेल्या सभेत, हाच तेमुजिन चंगीझखान झाला.

पुढच्या विध्वंसाची हकिकत सर्वश्रुत आहे. १२१८ मध्ये सिर नदीकाठच्या ओत्रार येथे ख्वारिज्मशहाच्या सुभेदाराने मंगोलांकडून आलेल्या सुमारे साडेचारशे व्यापाऱ्यांचा तांडा कापून काढला. त्याच्या सूडापायी १२२० मध्ये बुखारा आणि समरकंद पडली, १२२१ मध्ये मर्व, निशापूर आणि बल्ख येथे भयंकर कत्तली झाल्या, आणि त्या वर्षाच्या अखेरीस शहाजादा जलालुद्दीन याने घोड्यासह सिंधू नदीत उडी घेतली, तरी दिल्लीच्या अल्तमशाने त्याला आश्रय देण्याचे टाळून आपला मुलूख त्या संकटातून वाचविला. तत्कालीन ग्रंथांतील मृतांचे लक्षावधींचे आकडे फुगविलेले असतील. परंतु पाण्याचे भूमिगत कालवे राखणारी माणसेच जेथे मारली गेली, तेथील शेती पिढ्यान्‌पिढ्या सावरली नाही, आणि या दुःखाचे मोल कोणत्याही ‘मंगोल शांतते’च्या गौरवाने फिटणारे नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. हे मान्य करूनही माझे मत असे आहे की, मंगोलांचा म्हणून जो वारसा जगात उरला, तो बव्हंशी त्यांनी जिंकलेल्या लोकांतील कारकून, मुत्सद्दी आणि पंडित यांनीच घडविला.

उत्तर चीनमधील माणसे हुसकून लावून ती भूमी घोड्यांच्या चराईला मोकळी सोडावी, अशी मसलत काही मंगोल सरदारांनी मांडली होती. तिला अडविणारा येलू चूत्साई हा खितान वंशातील आणि मंगोलांच्या शत्रूकडे पूर्वी चाकरी केलेला विद्वान पुरुष होता. त्याने चंगीझखानाचा वारस ओगदाईखान याच्यापुढे दयेची याचना केली नाही, हिशेब मांडला. रीतसर सारा बसविला तर दरसाल पाच लक्ष ल्यांग चांदी, ऐंशी हजार ठाण कापड आणि चार लक्ष माप धान्य खजिन्यात येईल, असे त्याने दाखवून दिले आणि पुढे ते वसूलही करून आणले. असंख्य प्राण वाचविण्यासाठी महसुलाच्या भाषेचा आश्रय करावा लागावा, ही त्या काळाची शोकांतिका; पण ऐकणाऱ्याला कळेल त्याच भाषेत बोलण्याचे धैर्य आणि शहाणपण त्याच्यापाशी होते, म्हणून त्याच्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

अशा माणसांची कामगिरी एखाद्या कागदातही दिसते. १२४६ च्या नोव्हेंबरात गुयुकखानाने पोप चौथा इनोसंट याला पाठविलेले उत्तर व्हॅटिकनच्या दफ्तरखान्यात आहे. ते १९२० साली सापडले. त्याचा प्रारंभ तुर्की भाषेत आहे, मजकूर फार्सीत आहे, अखेरीस हिजरी ६४४ ची तारीख आहे, आणि वर तांबड्या रंगात उमटविलेल्या चौकोनी शिक्क्यातील अक्षरे मात्र मंगोल आहेत. खानाचा शिक्का कोस्मास नावाच्या रशियन सोनाराने कोरला होता, असे पोपचा वकील कार्पिनी याने नमूद करून ठेवले आहे. पोपने सर्व राजांसह स्वतः येऊन शरण यावे, असा त्या पत्राचा दरडावणीचा आशय. आणि तो लिहिणारा, कोरणारा, पोहोचविणारा यांपैकी एकही मंगोल नव्हता!

या साऱ्या मंडळींत अता-मलिक जुवैनी याची कथा मला सर्वांत विलक्षण वाटते. त्याचा आजोबा ख्वारिज्मशहाचा दिवाण, बाप मंगोलांचा खोरासानातील कारभारी. अता-मलिकाने स्वतः कराकोरम पाहिले आणि तेथेच, १२५२-५३ च्या सुमारास, चंगीझखानाच्या दिग्विजयाचा इतिहास लिहावयास घेतला. १२५६ मध्ये चंगीझखानाचा नातू हुलागू याने इस्माइली पंथीयांचा अलमूतचा किल्ला घेतला, तेव्हा तेथील ग्रंथसंग्रह पाहण्याची परवानगी मागून त्याने कुराणाच्या प्रती, निवडक ग्रंथ आणि खगोलवेधाची यंत्रे बाजूस काढली, व जे पाखंडी वाटले ते जाळून टाकविले. हे दोन्ही त्यानेच लिहून ठेवले आहे. पण त्याचा ग्रंथ येथेच संपतो. १२५८ च्या फेब्रुवारीत बगदाद पडले आणि खलिफा मारला गेला, त्याविषयी त्यात अक्षर नाही. आणि पुढच्याच वर्षी त्याच बगदादचा कारभार अता-मलिकाकडे आला. सुमारे वीस वर्षे त्याने ते भग्न शहर सावरले, फुरातचे पाणी कूफा व नजफ यांकडे नेणारा कालवा खणविला, आणि अखेर अफरातफरीच्या आरोपाखाली कैद भोगून १२८३ मध्ये तो वारला. त्याच्या या मौनाला भ्याडपणा म्हणणे सोपे आहे. मला ते म्हणवत नाही.

१२६० च्या सुमारास दिल्लीत मिन्हाज-उस्-सिराज हा घोर प्रांतातून परागंदा होऊन आलेला काझी आपला ‘तबकात-इ-नासिरी’ पुरा करीत होता. मंगोलांना शाप दिल्यावाचून त्याची लेखणी पुढे सरकत नाही, कारण तिला त्यांची भीती उरली नव्हती. एकाच प्रलयाची ही दोन फार्सी वृत्ते, एक चाकरीतून व दुसरे आश्रयातून लिहिलेले, शेजारी ठेवून वाचल्यावाचून त्या काळाचा न्याय करता येत नाही.

इराणातील पुढची वर्षे अशाच प्रयत्नांनी भरली आहेत. हुलागूच्या आश्रयाने नसीरुद्दीन तूसीने मराघा येथे वेधशाळा उभारली. १२९४ मध्ये खजिना रिता झाल्यामुळे चीनच्या धर्तीवर तब्रीझमध्ये कागदी चलन काढले गेले. बाजार बंद पडले आणि दोनेक महिन्यांत ते मागे घ्यावे लागले. गझानखानाने १२९५ मध्ये इस्लाम स्वीकारल्यावर साऱ्याचे दर ठरवून ते गावोगावी कोरून लावण्याचा हुकूम केला.

गझानाचा वजीर रशीदुद्दीन हा हमदानचा वैद्य, जन्माने यहुदी. खानाच्या आज्ञेवरून त्याने मंगोलांच्या वंशाचा इतिहास लिहिला, आणि पुढे त्याला चीन, हिंदुस्थान, फिरंगी राजे व पोप यांची वृत्ते जोडून ‘जामी-उत्-तवारीख’ सिद्ध केला. तब्रीझजवळ त्याने आपल्या नावाची एक वसाहत स्थापिली. तिच्या वक्फनाम्यात असे कलम आहे की, आपल्या ग्रंथांची दरसाल एक प्रत अरबीत व एक फार्सीत उत्तम बगदादी कागदावर करावी, ती मूळ प्रतीशी ताडून पाहावी, मशिदीत मिंबर व मेहराब यांच्यामध्ये ठेवून दुवा मागावी आणि नंतर मुसलमानी मुलखांतील शहरांकडे पाठवावी. राजाश्रयाच्या चंचलतेचा एवढा पक्का बंदोबस्त त्या काळी दुसऱ्या कोणा ग्रंथकाराने केलेला मला ठाऊक नाही. १३१८ मध्ये, मृत खान उल्जाइतू याला विष दिल्याच्या आरोपावरून, सत्तरीच्या त्या वृद्धाला तरुण मुलासह ठार करण्यात आले आणि ती वसाहत लुटली गेली. त्यापूर्वी तेथे तयार झालेल्या, १३१४ च्या सुमाराच्या एका सचित्र अरबी प्रतीचे भाग आज एडिंबरोच्या विद्यापीठात आणि लंडनच्या एका संग्रहात आहेत. त्यांत चिनी राजवंशांच्या हकिकती आहेत, आणि कमलश्री नावाच्या काश्मिरी बौद्ध भिक्षूने रशीदुद्दीनला सांगितलेले बुद्धचरित्रही आहे.