बहिणाबाईंच्या गाण्यांचे दुसरे रूप

खानदेशातील लोकगीताचा विचार करताना जळगाव, भुसावळ, यावल, रावेर आणि बोदवड हा पूर्वेकडील पट्टा वेगळा धरावा लागतो, कारण येथील बोली धुळ्याकडच्या अहिराणीहून निराळी आहे. तिला लेवा गणबोली किंवा तावडी म्हणतात. अहिराणीत 'शे' म्हणतात तेथे या बोलीत 'हाये' येते, षष्ठीचा प्रत्यय 'ना-नी-न' नसून 'चा-ची-चं' असतो आणि 'ळ'च्या जागी 'य' उच्चारला जात असल्याने 'डोळा'चा 'डोया' व 'मिळते'चे 'मियते' होते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी या बोलीतली आहेत. तरीही त्यांना 'अहिराणी कवयित्री' म्हणण्याचा प्रघात पडला आणि तो अजून पुरता मोडलेला नाही.

असोदे येथे जन्मलेल्या आणि जळगावच्या चौधरी कुटुंबात दिलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर दळताना, शेतात राबताना, आखाजीला म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला सुचलेली गाणी त्या म्हणत, आणि पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी ती ऐकून उतरवून घेतली. सोपानदेव स्वतः कवी असल्याने या गाण्यांचे मोल त्यांना कळले होते. बहिणाबाईंच्या निधनानंतर वर्षभरातच, १९५२ साली, 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. त्याचे स्वागत अपूर्व होते, परंतु कौतुकाचा रोख निरक्षर स्त्रीला लाभलेल्या दैवी देणगीवर राहिला. त्या भागातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेल्या ओवीपरंपरेत ही प्रतिभा वाढली होती, ही गोष्ट त्या कौतुकात मागे पडली, आणि हा अन्याय बहिणाबाईंइतकाच त्या अनाम गाणाऱ्यांवरही झाला.

या गाण्यांना दुसरे सार्वजनिक रूप मिळाले ते १९६१ साली, अनंत माने दिग्दर्शित 'मानिनी' या चित्रपटात. महादेवशास्त्री जोशी यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटासाठी वसंत पवार यांनी बहिणाबाईंच्या रचनांना चाली दिल्या आणि त्यांतील 'संसार' ही रचना सुमन कल्याणपूर यांनी गायली. पुस्तक वाचणाऱ्यांपुरती असलेली कविता त्यामुळे वाचता न येणाऱ्यांपर्यंत, म्हणजे ती ज्या वर्गातून निघाली त्या वर्गापर्यंत, पुन्हा कानांवाटे पोचली. पुस्तकाच्या यशापेक्षा हे यश मोठे मानले पाहिजे.

या रचना चित्रपटात सहज बसल्या याचे एक कारण त्यांच्या घडणीत आहे. त्यांतील बहुतेक चरण आठ-आठ अक्षरांचे असून एका चरणात एक प्रतिमा पुरी होते, त्यामुळे संगीतकाराला शब्द मोडावे लागत नाहीत. मात्र जात्यावरच्या गाण्याची लय दळणाऱ्या हाताच्या वेगावर चालते, दाणे ओलसर असले किंवा हात थकला की ती मंदावते, आणि तिला वाद्याची साथ नसते. ध्वनिमुद्रणात ही लय तालात बांधली जाते आणि काही मिनिटांच्या मर्यादेत ध्रुवपद व अंतरे अशी गाण्याची विभागणी होते. गीत टिकले, पण गाण्याची मूळ रीत त्या मुद्रणात उतरली नाही, आणि स्वतः बहिणाबाई तेव्हा हयात नव्हत्या. पुढच्या पिढ्यांच्या कानांत या शब्दांबरोबर वसंत पवारांची चाल इतकी पक्की बसली की अनेकांना तीच परंपरेने आलेली वाटते.

१९९० साली जळगावात स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. पाठ्यपुस्तकांतून या कविता महाराष्ट्रभर शिकवल्या जातात आणि बोलीतील शब्दांचे अर्थ तेथे टिपांत द्यावे लागतात. बोदवड परिसरातील शेतकरी घरांत ते शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत, आणि या गाण्यांच्या अभ्यासाला लागणारी उच्चारांची व चालींची खरी सामग्री अजूनही तेथील वडीलधाऱ्या स्त्रियांकडेच मागावी लागते.