संगणक शाळेत आला, शिक्षकाचे काय?

मुलांच्या हाती संगणकाची भाषा द्यावी, ही कल्पना आज वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथे १९६७ मध्ये वॉलेस फ्युर्झीग, सिमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ‘लोगो’ ही संगणकीय भाषा तयार केली, ती मुळी शाळकरी मुलांसाठीच. पॅपर्ट हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणिती. जिनीव्हा येथे जाँ पियाजे यांच्यासोबत काम करताना, मूल विचार कसे करते हा त्यांच्या चिंतनाचा मुख्य विषय बनला. ‘लोगो’मधील कासव आधी जमिनीवर फिरणाऱ्या यंत्राच्या रूपात होते, पुढे ते पडद्यावरील एक लहानशी आकृती झाले. मुलाने दिलेल्या आज्ञेबरहुकूम ते चालते आणि मागे रेघ सोडत जाते.

‘पुढे १००, उजवीकडे ९०’ ही आज्ञांची जोडी चार वेळा दिली की चौरस पूर्ण होतो. समभुज त्रिकोण काढताना मात्र अनेक मुले ६० अंशांचे वळण देतात, कारण पुस्तकात त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो. तीन बाजू काढून झाल्या तरी आकृती बंद होत नाही. त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन पडद्यावर उमटतो. अशा वेळी शिक्षकाने १२० हा आकडा सांगून टाकला, तर चित्र पुरे होते आणि धडा वाया जातो. त्याने मुलाला उठवून वर्गाच्या फरशीवर त्रिकोण चालायला लावले, तर वळताना आपण आतल्या नव्हे, बाहेरच्या कोनाइतके वळतो, हे मुलाच्या पायांनाच कळते. पूर्ण फेरी ३६० अंशांची, वळणे तीन, म्हणून प्रत्येक वळण १२० अंशांचे. संगणक दोन्ही वर्गांत तोच असतो. फरक असतो तो शिक्षकाच्या तयारीत. पॅपर्ट यांचे ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक देशांतील शाळांनी ‘लोगो’ स्वीकारली. परंतु पुष्कळ ठिकाणी कासवाच्या आज्ञा पाठ करून घेण्याचाच तास भरू लागला.

ब्रिटनने याच सुमारास राष्ट्रीय पातळीवर पाऊल उचलले. बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पासाठी एकॉर्न कंपनीने तयार केलेला ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आला आणि १९८२ च्या आरंभी त्याच्या जोडीची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. माध्यमिक शाळांना संगणक घेता यावा म्हणून सरकारने निम्मी किंमत सोसली. पाठोपाठ प्राथमिक शाळांनाही ही सवलत मिळाली. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आणि अध्यापन साहित्यासाठी १९८० पासून ‘मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स एज्युकेशन प्रोग्रॅम’ हा स्वतंत्र कार्यक्रम चालवला गेला, तो १९८६ मध्ये संपला. यंत्रे शाळांत राहिली, शिक्षकांमागे उभी असलेली यंत्रणा मात्र विरली.

हाच बीबीसी मायक्रो भारतातही आला. ‘क्लास’ या नावाने ओळखला जाणारा शालेय संगणक साक्षरतेचा केंद्र सरकारचा प्रकल्प १९८४-८५ मध्ये सुमारे २५० माध्यमिक शाळांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्या काळी संगणकाचा कळफलक पाहिलेला शिक्षकही विरळा होता. वातानुकूलित खोली, दाराबाहेर चपला काढण्याचा दंडक आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, हे शालेय संगणक कक्षाचे जे चित्र पुढे दोन दशके कायम राहिले, त्याचे मूळ या धास्तीत आहे. ज्या वस्तूला हात लावायची शिक्षकालाच भीती वाटते, ती तो मुलांच्या हाती कशी देणार?

नव्वदीच्या दशकात संगणक स्वस्त झाले आणि शालेय अभ्यासक्रमाचा रोख बदलला. आज्ञावली लिहिण्याऐवजी पत्र टंकलिखित करणे, तक्ते भरणे, सादरीकरणाच्या चकत्या सजवणे यांनाच संगणक शिक्षण म्हटले जाऊ लागले. कार्यालयीन कामाला ही कौशल्ये उपयुक्त आहेत, यात शंका नाही. तथापि तयार सॉफ्टवेअर वापरणे आणि ते कसे घडते हे समजणे यांत वाचता येणे आणि लिहिता येणे यांच्याएवढे अंतर आहे. इंग्लंडमध्ये याविषयीची नाराजी वाढत गेली. विद्यापीठांतील संगणकशास्त्रज्ञ आणि शाळांतील शिक्षक यांनी २००८ मध्ये ‘कम्प्युटिंग ॲट स्कूल’ हा गट स्थापन केला. रॉयल सोसायटीने जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात शालेय संगणक शिक्षणाची स्थिती असमाधानकारक ठरवली. या अहवालाच्या समितीचे अध्यक्ष होते स्टीव्ह फर्बर, म्हणजे बीबीसी मायक्रोच्या रचनाकारांपैकीच एक. त्याच महिन्यात शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवण्याची घोषणा केली आणि सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडमध्ये पाचव्या वर्षापासून ‘कम्प्युटिंग’ हा विषय लागू झाला. अगदी लहान मुलांनी साध्या आज्ञावली रचून त्यांतील चुका शोधाव्यात आणि ११ ते १४ या वयात किमान दोन संगणकीय भाषा हाताळाव्यात, असे त्यात अपेक्षित होते.

अभ्यासक्रम कागदावर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि वर्षभरात वर्गात शिकवायचा होता. प्राथमिक शाळेतील शिक्षकाला इंग्रजी, गणित, इतिहास असे सगळेच विषय शिकवावे लागतात; त्यात आता आयुष्यात कधीही न शिकलेल्या विषयाची भर पडली. सरकारने ‘मास्टर टीचर’ म्हणजे इतर शिक्षकांना शिकवणाऱ्या शिक्षकांच्या जाळ्याला निधी दिला. २०१६ मध्ये सुमारे १० लाख मुलांना ‘मायक्रोबिट’ हे तळहाताहून लहान उपकरण मोफत देण्यात आले. पाच ओळींत पाच असे २५ दिवे, दोन कळा, हालचाल व दिशा ओळखणारे संवेदक अशी त्याची रचना. उपकरण गुणी होते आणि आजही जगभर वापरात आहे. पण त्याचे काय करायचे हे सांगणारे माणूस प्रत्येक शाळेत नव्हते. नोव्हेंबर २०१७ मध्ये रॉयल सोसायटीचा दुसरा अहवाल आला. इंग्लंडमधील ५४ टक्के शाळांत सोळाव्या वर्षीच्या परीक्षेसाठी संगणकशास्त्र हा विषयच उपलब्ध नव्हता, आणि तो घेणाऱ्या विद्यार्थ्यांत मुली केवळ पाचांतील एक होत्या. अपुऱ्या आधारावर अपरिचित विषय शिकवावा लागत असल्याचे बहुसंख्य शिक्षकांचे गाऱ्हाणे होते. त्यानंतरच सरकारने ८ कोटी ४० लाख पौंड देऊ केले, सुमारे ८,००० शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले आणि २०१८ मध्ये संगणक शिक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. पैसा आला, परंतु अभ्यासक्रम लागू झाल्यावर चार वर्षांनी.

या केंद्राच्या कामातील एक बाब लहान दिसली तरी मोलाची आहे. प्रशिक्षणाला जाणाऱ्या शिक्षकाचा वर्ग त्या दिवशी कोणी सांभाळायचा, या प्रश्नासाठी सरकारी शाळांना अनुदानाची सोय होती. शिक्षक प्रशिक्षणाच्या योजना बहुधा याच साध्या अडचणीपाशी अडतात.

शिक्षकाला नेमके काय शिकवावे लागते? संगणकीय भाषेचे व्याकरण हा त्याचा सर्वांत सोपा भाग होय. खरा प्रश्न अध्यापनाचा आहे. न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांचे सहकारी इयन विटन व माइक फेलोज यांनी नव्वदीच्या दशकात विकसित केलेली ‘अनप्लग्ड’ पद्धत संगणकाविनाच संगणकशास्त्र शिकवते. पाच मुले रांगेत उभी राहतात. त्यांच्या हातांतील पत्त्यांवर १६, ८, ४, २ आणि १ ठिपके असतात. १९ हा आकडा हवा असेल, तर १६, २ आणि १ हे पत्ते उघडे राहतात, उरलेले पालथे होतात. उघड्याला १ आणि पालथ्याला ० मानले की १००११ ही द्विमान संख्या वर्गासमोर उभी राहते. वीज गेली तरी हा तास थांबत नाही. आपल्याकडील शाळांच्या दृष्टीने हा गुण क्षुल्लक नव्हे.

प्रत्यक्ष कोडिंगकडे वळतानाही मुलाला कोरा पडदा देऊ नये, असा आता अनुभवी शिक्षकांचा कल आहे. ब्रिटनमधील स्यू सेन्टन्स यांनी मांडलेल्या ‘प्रिम’ पद्धतीत तयार आज्ञावली आधी वाचायची, ती काय करील याचे भाकीत करायचे, मग चालवून पाहायची, तिचा तपास करायचा, तिच्यात बदल करायचे आणि शेवटी स्वतःची रचायची. लेखनाआधी वाचन हा भाषा शिकवण्याचा जुनाच क्रम येथे उपयोगी पडतो. आज्ञांच्या ओळी उलटसुलट करून मुलांना त्या योग्य क्रमाने लावायला देणे, हाही एक चांगला प्रकार. मराठीच्या तासाला गोष्टीतील वाक्ये क्रमाने लावायला सांगणारा शिक्षक तो सहज आत्मसात करतो. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेसनिक यांच्या गटाने तयार करून २००७ मध्ये खुले केलेले ‘स्क्रॅच’ आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायला देते. त्यामुळे स्वल्पविराम चुकला म्हणून काम अडत नाही आणि शिक्षकाचे लक्ष विचारातील चुकीकडे राहते.

मराठी माध्यमाच्या शिक्षकाला आणखी एक अनुकूलता आहे, जिचा पुरेसा विचार झालेला दिसत नाही. ‘जर–तर’ आणि ‘जोपर्यंत–तोपर्यंत’ या मराठी वाक्यांच्या जोड्या संगणकाच्या दोन मूलभूत रचनांशी तंतोतंत जुळतात. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे पुनरावृत्तीचा धडा. पाढा म्हणजे तर त्याचे सर्वांत जुने उदाहरण. प्रार्थनेच्या वेळी उंचीप्रमाणे रांग लावणे ही मांडणीची रीत आहे, आणि ती कमीत कमी अदलाबदलींत कशी होईल हा संगणकशास्त्राचा प्रश्न.

भारतात शिक्षकांच्या तयारीचे सर्वांत चिकाटीचे काम केरळने केले. तेथील ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला. बाहेरून संगणक प्रशिक्षक नेमण्याऐवजी शाळांतीलच शिक्षकांना तयार करून त्यांच्याकडे इतरांच्या प्रशिक्षणाची धुरा सोपवण्यात आली. मुक्त सॉफ्टवेअरचा स्वीकार झाल्यामुळे परवान्यांचा खर्च टळला आणि शाळेतील प्रणाली शिक्षक आपल्या घरच्या संगणकावरही बसवू शकला. हा प्रकल्प २०१७ मध्ये ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतरित झाला आणि २०१८ मध्ये ‘लिटिल काइट्स’ हे विद्यार्थी मंडळ स्थापन झाले. सरकारे बदलली, तरी प्रशिक्षण देणारी माणसे टिकली, हे या यशामागचे कारण फारसे चमकदार नाही, पण तेच महत्त्वाचे आहे.

महाराष्ट्रात बीजे आहेत. आयआयटी मुंबईतील प्रा. श्रीधर अय्यर यांच्या गटाने ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही शालेय पुस्तकमाला तयार करून ती मुक्त परवान्याखाली दिली. एसीएम इंडियाने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम आरंभला, त्याचा भर संगणकीय विचारपद्धतीवर आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडसारख्या प्रयोगांबद्दल २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तंत्रज्ञानाचा अध्यापनाचे साधन म्हणून वापर आणि तंत्रज्ञानाचेच अध्यापन या दोन गोष्टी वेगळ्या असल्या, तरी पहिलीत मुरलेला शिक्षक दुसरीला कमी बिचकतो.

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगशी संबंधित उपक्रम आणण्याचे ठरवले. त्याच धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा आहे. ते ५० तास सर्व विषयांसाठी आणि नव्या मूल्यमापन पद्धतीसाठीही आहेत. इंग्लंडच्या राष्ट्रीय केंद्राने माध्यमिक शिक्षकाला संगणकशास्त्र शिकवण्यासाठी तयार करण्याचा जो पायाभूत अभ्यासक्रम आखला, तो त्या एकाच विषयासाठी ४० तासांचा होता.