नवनाथांची पोथी आणि तिचे श्रोते : सातारा व सांगली जिल्हे

चातुर्मासात गावकऱ्यांनी रात्री देवळात किंवा एखाद्याच्या सोप्यात जमून, रोज एक अध्याय याप्रमाणे श्रीनवनाथ भक्तिसार हा ओवीबद्ध ग्रंथ ऐकण्याची सातारा व सांगली जिल्ह्यांतील परंपरा. गावात याला ‘पोथी लावणे’ म्हणतात. श्रीधरस्वामींचे हरिविजय (१७०२), रामविजय (१७०३) आणि पांडवप्रताप (१७१२) हे ग्रंथही अशाच रीतीने ऐकले जातात आणि त्यांचा श्रोतृवर्ग बहुधा तोच असतो. तरी नवनाथांच्या पोथीचे स्थान वेगळे आहे. मराठीत इतक्या उपकथांनी गजबजलेली आणि मंत्र-अस्त्रांच्या अद्भुताने भरलेली दुसरी लोकप्रिय कथामाला नाही. तिच्यावर भक्तांइतकेच कथेच्या वेड्यांनीही प्रेम केले आहे.

ग्रंथाचा कर्ता धुंडीसुत मालू या नावाने ओळखला जातो. रचना शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण झाली. पेशवाई बुडून एकच वर्ष झाले होते आणि साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंहांचे राज्य नव्या करारावर उभे राहत होते. ग्रंथाचे अध्याय ४० आणि ओव्या, कवीच्याच सांगण्यानुसार, ७,६००. अध्यायामागे सरासरी १९० ओव्या पडतात. अर्थ सांगत वाचल्यास एवढ्यात रात्रीची एक बैठक सहज भरते. गोरक्षनाथांच्या नावावरील जुन्या ग्रंथाचा आधार घेतल्याचे कवी सांगतो. शेवटच्या अध्यायात कोणता अध्याय वाचल्याने कोणते फळ मिळते याची क्रमवार यादी आहे. व्याधी, दारिद्र्य, संतती, शत्रुभय अशा संसारातल्या अडचणी तिच्यात आहेत आणि अनेक घरांत पोथी प्रथम शिरली ती या यादीमुळे.

कथेची चौकट भागवताच्या अकराव्या स्कंधातून घेतली आहे. तेथले नऊ नारायण कलियुगात नऊ नाथ होऊन जन्मतात : कवी हा मच्छिंद्र, हरी हा गोरक्ष, अंतरिक्ष हा जालिंदर, प्रबुद्ध हा कानिफ, पिप्पलायन हा चर्पटी, आविर्होत्र हा वटसिद्ध नागनाथ, द्रुमिल हा भर्तरी, चमस हा रेवण आणि करभाजन हा गहिनी. यांपैकी एकाचाही जन्म साधा नाही. मच्छिंद्र माशाच्या पोटातून येतो, जालिंदर यज्ञकुंडातून, कानिफ हत्तीच्या कानातून. गोरक्ष उकिरड्यावर टाकलेल्या भस्मातून उठतो, आणि गहिनी तर मुलांच्या खेळासाठी गोरक्षाने केलेला मातीचा पुतळा. संजीवनी मंत्राच्या पाठाने त्याच्यात जीव येतो. या जन्मकथा ज्या त्या नाथाच्या पाळीला येतात. त्यामुळे पुढचा नाथ कधी आणि कसा अवतरेल याची ओढ श्रोत्याला शेवटपर्यंत लागून राहते.

मालूकवीची खरी ताकद कथानकाच्या गुंफणीत आहे. मच्छिंद्रनाथ शाबरी विद्या मिळवतात, सेतुबंधावर मारुतीशी भांडण काढतात, डोंगर फेकणाऱ्या मारुतीला वाताकर्षण मंत्राने जागच्या जागी थोपवतात आणि शेवटी त्याच मारुतीच्या शब्दाखातर स्त्रीराज्यात जाऊन मैनाकिनी राणीच्या मोहात अडकतात. इकडे जालिंदरनाथांना राजा गोपीचंद घोड्याच्या लिदीच्या खड्ड्यात गाडतो. दोन्ही गुरू दिसेनासे झालेले आणि दोन्ही शिष्य त्यांच्या शोधात. अशा वेळी गोरक्ष आणि कानिफ आंबराईत भेटतात. कानिफ मंत्राने झाडावरचे आंबे उतरवून दाखवतो. गोरक्ष तेच आंबे पुन्हा देठांना चिकटवून दाखवतो. शब्दाला शब्द वाढतो, एकजण दुसऱ्याच्या गुरूची निंदा करतो आणि त्या निंदेतूनच दोघांनाही आपापल्या गुरूचा ठावठिकाणा कळतो. भांडणातून दोन मोठ्या कथा एकदम पुढे सरकवण्याची ही रचना आजच्या कसलेल्या कादंबरीकारालाही अभिमान वाटावा अशी आहे. आंबराईचा अध्याय झाल्यावर गोरक्ष श्रेष्ठ की कानिफ, हा विषय ओट्यावर निघतो तो संपत नाही.

गोरक्ष मग कलिंगा नर्तकीच्या ताफ्यात मृदंग वाजवणारा म्हणून स्त्रीराज्यात शिरतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला जागे करतो. परतीच्या वाटेवर गुरूने झोळीत लपवलेली सोन्याची वीट तो फेकून देतो आणि गुरूला वाईट वाटू नये म्हणून गर्भगिरीचा डोंगरच सोन्याचा करून दाखवतो. दुसऱ्या बाजूला जालिंदरांचा क्रोध गोपीचंदाच्या धातूच्या पुतळ्यांवर काढून घेण्याची कानिफाची युक्ती आहे. एकामागून एक पुतळा भस्म होत जातो, आणि श्रोत्यांना शेवट पाठ असला तरी मंडळी दर वर्षी श्वास रोखून ऐकतात. भर्तरीचा राणी पिंगलेसाठीचा स्मशानातला शोक हा पोथीतला सर्वांत करुण भाग होय. युद्धाच्या अध्यायांत मात्र उत्साह निराळाच असतो. अग्न्यस्त्रावर पर्जन्यास्त्र, पर्वतास्त्रावर वज्रास्त्र, नागास्त्रावर गरुडास्त्र असे तोडीस तोड चालते. प्रत्येक अस्त्र भस्माच्या चिमटीतून सुटते आणि कोणत्या अस्त्रावर कोणता उतारा, हे जुन्या श्रोत्यांना वाचकाच्या आधी माहीत असते.

वाचनाची रीत ठरलेली आहे. चौरंगावर किंवा पाटावर वस्त्र घालून सुट्या लांबट पानांची पोथी ठेवतात. वाचक ओवी चालीवर म्हणतो, अर्थ सांगणारा ती गावच्या बोलीत उलगडतो. अध्याय संपला की आरती आणि खिरापत. पोथी पूर्ण झाली की समाप्तीचे जेवण, त्यासाठी घरोघरचा शिधा. अर्थ सांगणारा माणूस या व्यवहाराचा कणा असतो आणि कोशकारांनी, अभ्यासकांनी त्याच्याकडे फार कमी लक्ष दिले आहे. मूळ ओवीत दोन शब्दांत आलेले स्त्रीराज्य तो अर्धी घटका उभे करतो. गोरक्षाची झोळी, चिमटा, कानांतली मुद्रा यांचे वर्णन तो आपल्या पाहण्यातल्या नाथपंथी डवरी गोसाव्यावरून करतो. हे गोसावी डौर वाजवत गोपीचंद-भर्तरीची गाणी गात याच गावांतून हिंडत आले आहेत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत कथा आधी त्यांच्या गाण्यातून पोचली होती, पोथीने तिला क्रम दिला.

ऋतूचाही या परंपरेला आधार आहे. पाटण-जावळीच्या घाटमाथ्यावर श्रावणात लावण्या उरकलेल्या असतात, पाऊस थांबत नाही आणि रात्री मोकळ्या असतात. पूर्वेकडे माण, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यात मेंढरे घेऊन भटकणारे धनगर पावसाळ्यातच आपल्या गावी असतात. म्हणजे डोंगरी आणि दुष्काळी अशा दोन्ही मुलखांत एका जागी ४० रात्री बसता येईल असा काळ चातुर्मासच. मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या सातारकरांनी भजनाबरोबर पोथीही आपल्या गाळ्यांत नेली.

या श्रोत्यांचे सर्वांत मोठे कर्तृत्व म्हणजे कथेचा नकाशा. इंग्रजीतील टॉल्किन याची अद्भुत महाकादंबरी १९५४-५५ मध्ये तीन भागांत निघाली, तेव्हा लेखकाने कल्पित भूमीचे नकाशे जोडून दिले होते आणि जगभरचे चाहते आजही त्यांवर बोटे फिरवतात. मालूकवीने नकाशा दिला नाही. सातारा-सांगलीच्या श्रोत्यांनी तो आपल्या पायाखालच्या जमिनीवर काढला. त्याला पोथीतच एक पक्का खुंटा मिळाला : रेवणनाथ माणदेशातल्या विटे गावी येतात, तेथल्या सरस्वती नावाच्या ब्राह्मणाची मुले एकापाठोपाठ गेलेली असतात आणि नाथ त्याची सातही मुले परत आणतात. हे विटे म्हणजे आजचे खानापूर तालुक्यातील विटा, असे श्रोते एकमुखाने सांगतात. जवळच रेणावी येथे रेवणसिद्धाचे देवस्थान आहे. रेवणसिद्ध वीरशैव परंपरेतही पूज्य असल्याने तेथे दोन परंपरांचे भाविक एकत्र येतात. रेवणनाथाचे अध्याय विटा भागात वाचले जातात तेव्हा ऐकणाऱ्याला ती आपल्याच शेजारची गोष्ट वाटते.

वाळवे तालुक्यातील मच्छिंद्रगड हा शिवकालीन किल्ला असून माथ्यावर मच्छिंद्रनाथांचे मंदिर आहे. कृष्णाकाठच्या सपाटीवरून तो दुरून दिसतो. बत्तीस शिराळ्यात गोरक्षनाथांचे मंदिर आहे. तेथील प्रसिद्ध नागपंचमीचा आरंभही गोरक्षनाथांशी जोडला जातो : मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या घरच्या बाईला नाथांनी जिवंत नागाच्या पूजेची वाट दाखवली, अशी कथा शिराळ्यात सांगतात. जिवंत नाग पकडण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आणि पुढे न्यायालयाच्या आदेशांमुळे बंधने आली. कथा मात्र तशीच आहे. इतर पोथ्यांच्या कथाही अशाच जवळपासच्या जागांना जोडल्या गेल्या. पांडवप्रतापाच्या श्रोत्यांनी वाईला विराटनगरी मानले आणि शेजारच्या किल्ल्याला पांडवगड हे नाव आहेच. बहे येथील कृष्णेच्या बेटावर रामाची पूजा चालू असता चढत्या पाण्याला मारुतीने बाहू पसरून अडवले, असे रामविजय ऐकणारे सांगतात. मच्छिंद्रगड, शिराळा आणि विटा ही तीन ठिकाणे एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात, आणि पोथी ऐकून मग नाथांच्या ठाण्यांवर जाणे हा पुष्कळांच्या दृष्टीने वाचनाचाच भाग असतो.

इतिहासाच्या कसोटीवर पोथीतला कालक्रम टिकत नाही. वेगवेगळ्या शतकांतल्या सिद्धांना ती एका काळात आणते. रा. चिं. ढेरे यांनी ‘नाथसंप्रदायाचा इतिहास’ या ग्रंथात परंपरेची ऐतिहासिक मांडणी केली आहे आणि जिज्ञासूने पोथीबरोबर तीही वाचावी. महाराष्ट्रात नाथांना घरपण मिळाले ते ज्ञानेश्वरीमुळेही. मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी गुरुपरंपरा ज्ञानदेवांनी स्वतः अठराव्या अध्यायात सांगितली आहे. त्यामुळे वारकरी श्रोत्याला ही पोथी परकी वाटली नाही.

कथेचे पडसाद गावाबाहेरही उमटले. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करून मराठी रंगभूमीचा पाया घालणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी पुढे १८५३-५४ च्या सुमारास मुंबईत ‘राजा गोपीचंद’ हे नाटक हिंदीत केले. परमुलखाच्या प्रेक्षकांसमोर जाताना सांगलीच्या या नाटककाराने नाथकथा निवडली, कारण गोपीचंदाची कथा पंजाबपासून बंगालपर्यंत ओळखीची होती. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘माया मच्छिंद्र’ काढला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या त्यात भूमिका होत्या. स्त्रीराज्याचा अध्याय कानांनी ऐकलेल्या पिढीने तो पडद्यावर पाहिला.

विरोधही झाला. सातारा जिल्हा सत्यशोधक चळवळीचा बालेकिल्ला, महात्मा फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. चमत्कार आणि फलश्रुतीवर या चळवळीच्या जलशांनी कडाडून टीका केली आणि ती टीका आवश्यकच होती : अध्याय वाचून आजार बरा होईल या भरवशावर औषध टाळणे घातक आहे. पण पोथीची दुसरी बाजूही तितकीच खरी. ती मराठीत होती, तिचे नाथ जात विचारत नव्हते आणि ज्याला वाचता येईल तो कोणत्याही समाजाचा माणूस तिचा वाचक होऊ शकत होता. अनेक खेड्यांत गावासमोर बसून मोठ्याने ग्रंथ वाचण्याचा मान शेतकऱ्याच्या पोराला प्रथम मिळाला तो पोथीपुढेच.

दूरदर्शनवर १९८७-८८ मध्ये रामायण आणि पाठोपाठ महाभारत आले तेव्हापासून रात्रीची बैठक विरळ होत गेली. आता सात किंवा नऊ दिवसांचे पारायण अधिक होते. त्यात ग्रंथ पूर्ण होतो, पण अर्थ सांगायला वेळ उरत नाही. तरुण वाचक हॅरी पॉटरकडे वळले याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. लांबलचक अद्भुत कथा सोबतीने ऐकण्याची भूक तीच आहे. हरवते आहे ते अर्थ सांगणाऱ्यांचे बोलणे, कारण ते कोणत्याही छापील पोथीत नाही. सातारा-सांगलीच्या गावांत आजही जेथे पोथी लागते तेथे एक पूर्ण चातुर्मास अर्थासह ध्वनिमुद्रित करून ठेवावा. जीर्ण झालेली पोथी नदीत सोडण्याची रीत आहे. सोडण्यापूर्वी तिच्या समासांत आजोबा-पणजोबांनी काही लिहून ठेवले आहे का, हे पाहावे आणि असल्यास ती पोथी जवळच्या वाचनालयाला द्यावी.