द बिग बो मिस्टरी

'''द बिग बो मिस्टरी''' ही ब्रिटिश लेखक इस्रायल झँगविल (१८६४–१९२६) यांची इंग्रजी रहस्यकादंबरी आहे. ती १८९१ साली लंडनच्या 'द स्टार' या सायंदैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९२ मध्ये पुस्तकरूपाने आली. 'बो' हे पूर्व लंडनमधील एका भागाचे नाव आहे. आतून बंद असलेल्या खोलीतील खुनाचे कोडे संपूर्ण कादंबरीच्या केंद्रस्थानी ठेवणारी ही आरंभीची कृती मानली जाते. ती प्रसिद्ध होत असताना वाचकांनी पाठविलेले तर्क आणि त्यांना लेखकाने दिलेले उत्तर यांमुळेही ती लक्षणीय ठरली.

== कथानक ==
धुक्याने वेढलेल्या डिसेंबरातील एका सकाळी घरमालकीण मिसेस ड्रॅबडंप यांना आर्थर कॉन्स्टंट हा भाडेकरू हाका मारूनही उठत नाही. त्या समोर राहणाऱ्या जॉर्ज ग्रोडमन या निवृत्त गुप्तहेराला बोलावतात. तो दार फोडतो, तेव्हा कॉन्स्टंट गळा चिरलेल्या अवस्थेत आढळतो. दाराला आतून कुलूप व अडसर असतो, खिडक्या बंद असतात आणि खोलीत शस्त्र सापडत नाही. त्यामुळे आत्महत्या आणि खून या दोन्ही शक्यता अशक्य भासतात. पुढे स्कॉटलंड यार्डचा एडवर्ड विम्प टॉम मॉर्टलेक या कामगार पुढाऱ्याला अटक करतो आणि त्याला फाशीची शिक्षा होते.

== उलगडा ==
खुनी स्वतः ग्रोडमन असतो. कॉन्स्टंटला झोपेचे औषध दिलेले असते. दार फोडले जाते तेव्हा तो जिवंत असतो. आत शिरताच, घरमालकिणीला काही दिसण्यापूर्वी, ग्रोडमन त्याचा गळा चिरतो. कोणालाही न उकलणारा गुन्हा घडवून दाखविण्याची ईर्षा हाच त्याचा हेतू असतो.

== वाचकांचा प्रतिसाद ==
मालिका चालू असताना अनेक वाचकांनी आपापली उत्तरे वृत्तपत्राकडे पाठविली. एका वाचकाने मिसेस ड्रॅबडंप यांनाच दोषी ठरविले. अंकातील चित्रावरून त्या किमान सात फूट उंच असाव्यात, म्हणून छपरावर चढून धुराड्यातून हात घालणे त्यांना सहज शक्य होते, असा त्याचा तर्क होता.

शेवटी संपादकांच्या विनंतीवरून झँगविल यांनी आभाराचे पत्र लिहिले. प्रारंभी खुनी कोण हे आपल्यालाही ठाऊक नव्हते. वाचक ज्याचे नाव सुचवीत त्याला आपण निर्दोष ठरवीत गेलो आणि अखेरीस एकच पात्र उरले, असे त्यांनी त्यात म्हटले. ही थट्टा काहींनी खरी मानली. म्हणून पुढे पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी खुलासा केला की, रहस्यकथा ऐनवेळी बदलता येत नाही. तिचे दुवे आधीच काटेकोरपणे जुळवावे लागतात. कोड्याचे उत्तर लेखन सुरू होण्याच्या कितीतरी आधी आपल्या मनात तयार होते, असेही त्यांनी नमूद केले.

== मूल्यमापन ==
एडगर ॲलन पो यांच्या १८४१ मधील 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' या कथेत बंद वाटणाऱ्या खोलीला प्रत्यक्षात एक वाट असते. झँगविल यांच्या खोलीला कोणतीच वाट नाही. फसवणूक वेळेची आहे. जॉन डिक्सन कार यांच्या 'द हॉलो मॅन' (१९३५) या कादंबरीतील डॉ. फेल हे पात्र या युक्तीचे श्रेय झँगविल यांना देते.

कादंबरीविषयी वाचकांचे मुख्य मतभेद न्याय्यतेसंबंधी आहेत. एस. एस. व्हॅन डाइन (१९२८) आणि रोनाल्ड नॉक्स (१९२९) यांनी रहस्यकथेचे जे नियम मांडले, त्यांनुसार शोध घेणाराच गुन्हेगार असू नये. या निकषावर शेवट वाचकाची फसवणूक ठरतो. दुसऱ्या बाजूने, ग्रोडमन पहिल्या प्रकरणापासून वाचकासमोर असतो आणि दार तोच फोडतो. म्हणजे निर्णायक दुवा लपविलेला नसतो. कवी कँटरकॉट आणि चर्मकार क्रौल यांचे विनोदी वाद काहींना रेंगाळणारे वाटतात, तर काहींना तत्कालीन समाजावरील उपरोध म्हणून आवडतात.

मराठी वाचकाला हा शेवट विशेष वेगळा वाटेल. बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथांतील धनंजय किंवा झुंजार यांच्यावर वाचक निःशंक विश्वास टाकतो; झँगविल नेमका तोच विश्वास वापरून वाचकाला चकवितात.

== चित्रपट ==
या कादंबरीवर 'द परफेक्ट क्राइम' (१९२८), 'द क्राइम डॉक्टर' (१९३४) आणि डॉन सीगल दिग्दर्शित 'द व्हर्डिक्ट' (१९४६) हे चित्रपट आधारित आहेत.